दुष्काळी रस्त्याच्या कडेने

सोलापूरहून मैंदर्गीला चालत गेलो होतो असं सांगितलं की माणसं पहिल्यांदा विचारतात, "का हो, एस.टी. बंद होती काय?" मग मी सांगतो की संग्रहालयासाठी चाललो. त्यावर ती आणखीच गोंधळात पडतात. त्यांचंही चूक नाही. संग्रहालय अजून उभंच राहिलेलं नव्हतं आणि चालण्याने ते कसं उभं राहणार, हे आम्हां नऊ जणांनाही नीटसं सांगता येत नव्हतं.

कल्पना अण्णांची. अण्णा भुसार मालाचे व्यापारी, वय पासष्ट. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. तीस वर्षं त्यांनी जुन्या वस्तू गोळा केल्या होत्या. समया, मापं, पोथ्या, एका पद्मशाली घरातून आलेला आख्खा हातमाग. घर भरलं तेव्हा त्या वस्तू आमच्या शाळेच्या मागच्या पडवीत येऊन पडल्या. अण्णांचा पुतण्या विलायतेत असतो. तिकडे दवाखान्यासाठी लोक दूरदूर चालतात आणि ओळखीचे लोक त्यांना मैलामागे ठरलेली रक्कम देतात, असं त्याने पत्रात लिहिलं. अण्णांनी ते पत्र मला दुकानात बसवून दोनदा वाचायला लावलं. "चालायला भांडवल लागत न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "पाय हायत की आपल्याला."

मग कार्डं छापली. कार्डावर चालणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, मैलाला किती ते आणि वर एका वीरगळाचं चित्र. लढाईत मेलेल्या वीराच्या नावाने जुन्या काळी गावात जो कोरीव दगड उभा करत, तो वीरगळ. आमचा अगदी लहान, मांडीएवढा होता. खाली काठी उगारलेला वीर आणि त्याच्यामागे गुरं. मध्ये त्याला वर नेणाऱ्या दोन बायका. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला, एका बाजूला चंद्र. दुसऱ्या बाजूचा सूर्य नव्हता, तो कोपराच उडालेला होता. चित्राखाली ओळ होती, 'खडीच्या ढिगातून वाचवलेला वीर'. ती मी लिहिली होती, कारण वाचवणारा मी होतो.

दुष्काळाच्या साली मी पदवी घेऊन बेकार होतो. रस्त्याच्या दुष्काळी कामावर मला हजेरी कारकुनाची नोकरी मिळाली. एका सकाळी उजाडताना फोडायच्या दगडांच्या एका ढिगावर हा वीरगळ दिसला. पाण्याचा टँकर सोलापूरला परत निघाला होता. ड्रायव्हरच्या मदतीने मी दगड पोत्यात गुंडाळून टँकरवर चढवला आणि अण्णांकडे पोचवला. ही गोष्ट मी नंतर शाळेत, वाचनालयात, दोन सत्कारांत सांगितली. सांगताना 'अडाणी हातांनी फोडायला काढलेला' असा एक शब्दप्रयोग मी करायचो आणि तिथे लोक हळहळायचे. उडालेल्या कोपऱ्याबद्दल मी 'काळाच्या ओघात भंगलेला' म्हणायचो. एका गिरणीवाल्या गृहस्थांनी त्या दगडावर खूश होऊन संग्रहालयाच्या खोलीचं छप्पर घालून द्यायचं कबूल केलं होतं. दगडाखाली लावायची पाटीसुद्धा रंगवून झाली होती. तिच्यावर माझं नाव होतं.

एवढं आधी सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

होटगी

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. थंडी होती, ज्वारी हुरड्यात आली होती. अण्णांनी खास या कामासाठी कॅनव्हासचे बूट घेतले होते. चार मैलांवर त्यांच्या दोन्ही टाचा सोलल्या. त्यांनी बूट काढून दोरीने गळ्यात अडकवले आणि जुन्या वहाणा घातल्या. मैंदर्गीपर्यंत ते बूट त्यांच्या छातीवर आपटत होते, पण विकत घेतलेली वस्तू टाकून द्यायला ते तयार नव्हते.

मैलांची नोंद लक्ष्मीबाईंकडे होती. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. घरचे विणकर, बोली तेलुगू. हातमाग दिला तो त्यांच्याच वडिलांनी. त्या फार बोलत नाहीत आणि चुकीचं काही लिहीत नाहीत. रस्त्यावरचा दगड दिसल्याशिवाय मैल लिहायचा नाही असा त्यांचा नियम होता. एक दगड गवतात पडलेला निघाला, तेव्हा त्यांनी आम्हांला थांबवून तो आधी सरळ करायला लावला.

होटगीला रेल्वेच्या फाटकाजवळ एक गँगमन भेटला. रूळ शेजारी, गाडी समोर उभी आणि आम्ही चालत. त्याने बराच विचार करून विचारलं, "तिकिटाला कमी पडत असतील तर सांगा की. गार्ड माझ्या वळखीचा हाय." आम्ही हसलो. तो हसला नाही, त्याला आमची खरोखर काळजी वाटली होती. त्याच्याच घरी आम्ही कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. दह्यासाठी त्याची बायको दोन घरं फिरून आली.

वळसंगच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. आतून एक लिंगायत बाई तांब्या घेऊन आल्या. "बर्री, कुंडर्री," म्हणजे या, बसा, असं म्हणाल्या आणि आम्ही बसायच्या आत वाकून अण्णांच्या पायांवर कोमट पाणी घालू लागल्या. या बाजूने लोक पाडव्याच्या आधी चालत श्रीशैलला जातात. आम्ही त्यांतलेच असं त्यांनी धरलं होतं.

"लवकर निघालाव की औंदा," त्या म्हणाल्या. "पाडवा लई लांब हाय."

अण्णा कन्नडमध्ये सांगू लागले की आम्ही श्रीशैलला चाललेलो नाही, एका खोलीसाठी चाललो आहोत. बाईंनी ऐकून घेतलं आणि पाणी घालणं चालू ठेवलं. चालत आलेल्या माणसाचे पाय धुवायचे असतात, तो कुठे चाललाय हे मागाहून. शहरात आम्ही दार अर्धवट उघडून "कोण पाहिजे?" विचारतो. मला ओशाळल्यासारखं झालं आणि माझी पाळी आली तेव्हा मी पाय मागे घेतले. त्यांनी ते हाताने पुढे ओढले.

त्यांच्याच शेतात हुरडा खाताना एक म्हातारी राखणदारीण आमच्याजवळ येऊन बसली. चालण्याचे पैसे मिळतात हे तिच्या कानावर गेलं होतं.

"नुसतं चालायचं?" तिने मला विचारलं.

"नुसतं चालायचं."

"दुष्काळात आमी खडी फोडली. बोटं फुटली माझी, ही बगा. तवा कुटं मिळालं. तुमास्नी चालायचं मिळतंय?" तिने लक्ष्मीबाईंच्या वहीकडे बोट दाखवलं. "मग माझं नाव लिवा की ह्या मस्टरात. मी रोज चालती."

आमच्यातले दोघे तिघे हसले. लक्ष्मीबाईंनी तिला नाव विचारलं आणि वहीच्या मागच्या पानावर ते लिहिलं. म्हातारीने अंगठा द्यायला हात पुढे केला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी हजारो असे अंगठे घेतले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत मला त्यांतलं एकही तोंड आठवलं नव्हतं आणि हे मला तिथेच पहिल्यांदा जाणवलं.

अक्कलकोटच्या पुढे

अक्कलकोटाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी लिहीत नाही. तिथे आम्ही झोपलो, पायांना तेल लावलं आणि निघालो.

पुढे मैंदर्गीच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला डावीकडे एक फाटा फुटतो. तो माझा रस्ता. म्हणजे ज्या कामावर मी हजेरी घ्यायचो, तो. त्या फाट्याने आत गेल्यावरच्या गावात मुक्काम करायचा हट्ट मीच धरला होता. सगळ्यांना तो रस्ता दाखवावा, 'इथे तो ढीग होता' असं सांगावं, अशी माझी हौस. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावकऱ्यांनी ते लिहू नका असं म्हटलेलं नाही, मलाच बरं वाटत नाही.

रस्ता चांगला झाला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधून पांढरट खडी. मी पुढे चालत हातवारे करून सांगत होतो, इतक्यात लक्ष्मीबाई म्हणाल्या, "ते आजोबा खालून का चाललेत?"

रस्त्याच्या डाव्या अंगाला, बांधावरून एक धनगर म्हातारा मेंढरं घेऊन चालला होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. बांध काट्याकुट्याचा, मध्येच तुटलेला. एक मेंढरू रस्त्यावर चढलं तर त्याने धावत जाऊन त्याला खाली घेतलं.

मी हाक मारली. "आबा, वर या की. काटे आहेत तिकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "असूं द्या," म्हणाला. "हितं बरं हाय." आणि गावापर्यंत तो तसाच आमच्या बरोबरीने, पण खालून चालत आला. त्याचं नाव मायाप्पा हे आम्हांला गावात कळलं.

शाळेत आमची सोय केली होती. दिवस मावळायच्या आधी भाकऱ्या आणि भरली वांगी घेऊन ज्या बाया आल्या, त्यांत मायाप्पाची सून होती, कमळाबाई. बोलकी बाई. लक्ष्मीबाईंच्या शेजारी बसून तिने पाच मिनिटांत घरचं सगळं सांगितलं. मुलीची, शेवंताची, सोयरीक ठरून दोन वर्षं झाली होती. मुलाकडचे आता दुसरीकडे बघू लागले होते. वैशाखापर्यंत लग्न झालं नाही तर सोयरीक मोडली असं समजा, हा त्यांचा शेवटचा निरोप होता.

"मग अडलंय कुठे?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"मामंजी अडून बसल्यात. आमच्यात लगीन निघालं की पयली अक्षत वीराला जाती. आमचा वीर हाय की, म्हंजे हुता. शेताच्या कडंला. गुरं वाचवताना मेला त्यो, आमच्या घराण्यातला. मामंजी म्हंत्यात, वीरच न्हाई तर अक्षत कुटं ठिवायची? आन अक्षतीबिगर लगीन हुऊ देत न्हाईत."

"वीर कुठे गेला?"

"दुष्काळात कामावरच्या सरकारी मानसानं उचलून न्हेला म्हंत्यात."

लक्ष्मीबाईंच्या मांडीवर कार्डांची पिशवी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी त्यांनी उघडली नाही, पण तिच्यावरचा हातही काढला नाही. कमळाबाई भाकऱ्या वाढायला उठली.

मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आलो. मला ओळखलंय, ही बाई मला ऐकवण्यासाठीच बोलली, असं माझ्या मनात आलं. शाळेच्या कुंपणाशी मायाप्पा उभा होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी हजेरी घेत व्हता न्हवं? चष्मा नवा हाय, पर वळखलं मी."

"हो," मी म्हणालो.

"मग तुमालाच ठावं असंल. दोन वर्सं मी कुनाला तरी इचारावं म्हंतोय." तो खाली बसला. मलाही बसावं लागलं. "घरात मी सांगितलंय, सरकारी मानसानं न्हेला म्हून. खोटं हाय ते. मी न्हेला व्हता ढिगावर. मी आन माझी बायकू. पोत्यात घालून."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"पोरगं उरलेली मेंढरं घिऊन खाली कर्नाटकात गेलं व्हतं. ही तापानं फणफणलेली. दोन दिस नुसती बसून. म्या एकट्यानं किती फोडावं? माप भरत नव्हतं. आन माप भरलं न्हाई तर तुमी पुढच्या हप्त्याला नाव काढून टाकत व्हता." यात तक्रार नव्हती. नियम तसा होता आणि तो मीच वाचून दाखवायचो. "तिला म्हनलं, त्यो आपलाच हाय, आपल्यासाटी एकदा मेला, अजून एकदा मरंल. सांजच्याला घण घातला. एकच. कोपरा उडाला, सूर्याच्या अंगाचा. मग हातच चालंना. कोपरा हुडकला, ढिगात गावला न्हाई. तसाच ठिवून घरी गेलो. रातभर दोगं बी जागी. सकाळनं म्हनलं, जाऊन माघारी आणतो. गेलो तर दगूड न्हाई आन मानसं ढीग फोडाय बसल्याली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुनी फोडला वो त्यो? तुमी तितंच व्हता."

"दुसऱ्या कोणी नेला असेल, आबा," मी कसंबसं म्हणालो.

"न्हाई न्हाई. शनिवारी तुमी माप घेतलं तवा माप पुरं भरलं. एक पाटी खडी कमी पडत व्हती मला, मोजली व्हती मी. दगूड फुटल्याबिगर माप भरलं कसं? त्या रस्त्यातच हाय त्यो. म्हून तर मी वरनं चालत न्हाई. तीबी त्याच उन्हाळ्यात गेली. जाताना म्हनाली, त्येच्यावर पाय पडू दिऊ नगा."

माप मी भरलं होतं. दगड मिळाल्याच्या आनंदात होतो. ज्या ढिगावर तो मिळाला, तो एक पाटी कमी आहे हे मला दिसलं होतं आणि मी उदार मनाने 'पूर्ण' असं लिहिलं होतं. या उदारपणाबद्दल मी स्वतःवर बरेच दिवस खूश होतो. कोणाचा ढीग, दगड कोणाचा, हे मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही मला सुचलं नव्हतं.

तो उत्तराची वाट बघत होता. त्या वेळी सांगायला हवं होतं. मला छप्पर आठवलं, माझ्या नावाची पाटी आठवली, चालून आलेले सगळे मैल आठवले. सगळ्या कार्डांवर तोच दगड होता. खरं सांगायचं तर मैलांपेक्षा पाटी जास्त आठवली.

"मला आठवत नाही, आबा," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "मानसंबी लई व्हती." आणि काठी टेकून उठला.

मैंदर्गी

सकाळी निघालो. मायाप्पा फाट्यापर्यंत पोचवायला आला, खालून. मी एकदाही त्या बाजूला पाहिलं नाही.

मैंदर्गीत आमचं स्वागत झालं. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी हार घातले आणि एका घरी जेवण होतं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार. यजमान अण्णांच्या नात्यातले. त्यांनी वीरगळाची गोष्ट मास्तरांच्याच तोंडून ऐकायची म्हणून सगळ्यांना गप्प केलं. मी उभा राहिलो. 'अडाणी हातांनी' हे शब्द यायच्या जागेपर्यंत आलो आणि तिथे थांबलो. "घसा बसलाय," म्हणून खाली बसलो. ताटातली हुग्गी तशीच राहिली.

जेवणानंतर अण्णा ओसरीवर टाचांना हळद लावत बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. लक्ष्मीबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. अण्णा कन्नडमध्ये रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते बराच वेळ हळद लावत राहिले.

"तू विचारलं होतंस का कुणाला, तवा?"

"नाही."

"मीबी तुला विचारलं न्हाई," ते म्हणाले. "कुणाचा हाय म्हणून. तीस वर्षं वस्तू गोळा करालोय मी. इतकं कळत होतं मला, की विचारलं तर तो परत द्यावा लागंल." मग त्यांनी हाताची हळद धोतराला पुसली. "छपराचं मी त्या गृहस्थांना सांगतो. तू म्हाताऱ्याकडं जा. आत्ताच जा. माझ्या पायात दम असता तर मीबी आलो असतो."

लक्ष्मीबाईंनी मला पाण्याची बाटली आणून दिली. "हे मैल लिहीत नाही," एवढंच म्हणाल्या.

मी आल्या वाटेने परत चालत निघालो. येताना जे दिसलं नव्हतं ते जाताना दिसलं असं म्हणायची पद्धत आहे, पण मला काहीही दिसलं नाही. काय बोलायचं ते मी जुळवत होतो आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य शेवटी माझीच बाजू घेत होतं.

मायाप्पा फाट्याच्या थोडं आत एका लिंबाखाली मेंढरं बसवून होता. दुपार कलली होती. मी रस्त्यावरून खाली उतरून त्याच्यापर्यंत गेलो.

"आबा, काल मी खोटं बोललो. वीर फुटलेला नाही. मी नेला. उजाडताना, टँकरवर घालून. सोलापुरात आहे, आमच्या शाळेत."

खिशातून कार्ड काढून मी त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं. उडालेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"आन माप?" त्याने विचारलं.

"माप मी भरून लिहिलं. एक पाटी कमी होती. दगड मिळाला म्हणून खुशीत लिहिलं."

"म्हंजी त्यो फुटला म्हून न्हवं."

"नाही."

घोंगड्याचं टोक तोंडाशी धरून त्याने पाठ फिरवली. त्याची पाठ हलत होती. मी तिथे उभा राहिलो, कारण बसायची हिंमत नव्हती आणि जायचीही नव्हती. बऱ्याच वेळाने तो वळला तेव्हा त्याचा चेहरा रागाने काळवंडला होता.

"तोंड व्हतं न्हवं तुमास्नी?" तो म्हणाला. "शंभर मानूस व्हतं तितं. कुनाचा हाय रं ह्यो, येवढं इचारायला काय झालं व्हतं? ती मेली की वो त्यापायी. मीच फोडला म्हनत मेली."

त्याचे पाय धरावेत असं वाटलं. मी वाकलो तर त्याने पाय मागे घेतले आणि मी पुढे सरकलो नाही.

"कवा आणताय?" त्याने विचारलं.

परत

दहा दिवसांनी अण्णांच्या मालाच्या ट्रकमधून आम्ही वीर परत नेला. ज्वारीच्या पोत्यांवर त्याला आडवा ठेवला होता आणि अण्णा त्याच्याशेजारी बसून आले, पुढे ड्रायव्हरजवळ बसले नाहीत. गावाने ढोल लावले. मायाप्पाने भंडारा उधळला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कपाळालाही लावला. हे मला कमळाबाईने सांगितलं. सासऱ्याने घरात खोटं सांगितलं होतं, हे तिला तेव्हा कळलं होतं की नाही मला माहीत नाही. एका अर्थी ते खोटं नव्हतंच. सरकारी माणसानेच नेला होता.

गिरणीवाल्या गृहस्थांनी छप्पर घालून दिलं नाही. कार्डांवर ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या सगळ्यांना अण्णांनी दगड आता नाही असं सांगितलं आणि पैसे द्यायचे नसतील त्यांनी देऊ नका म्हणाले. बहुतेकांनी दिले. पडवीच्या दोन भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे आले. मधोमध लक्ष्मीबाईंच्या वडिलांचा माग आहे. नवी वस्तू आली की अण्णा आता वहीत एक रकाना जास्त आखतात, 'कोणाची'. तो भरल्याशिवाय वस्तू आत येत नाही. संग्रहालय लहान राहिलं आहे.

शेवंताच्या लग्नाचं आमंत्रण मला आलं. द्यायला आलेला माणूस म्हणाला, "म्हाताऱ्यानं मुद्दाम सांगितलंय, मास्तरला बोलवा." मी जाऊ नये असं मला वाटत होतं, म्हणूनच गेलो. वैशाखातलं ऊन. फाट्यावर एस.टी.तून उतरलो तर न्यायला मायाप्पा स्वतः आला होता, नवं धोतर नेसून, कपाळाला हळद लावून. तो बांधावर उभा होता.

"आबा, आज तरी वर या," मी म्हणालो. "वीर जागेवर आहे आता."

"वीर हाय," तो म्हणाला. "सकाळीच अक्षत ठिवली त्येच्यापुढं." मग त्याने काठीने समोरची खडी दाखवली. "पर त्येचा सूर्य ह्यातच हाय की कुटंतरी. माझ्या हातानं उडाल्याला. तिनं सांगितलंय, पाय पडू दिऊ नगा म्हून."

मी रस्त्याकडे पाहिलं. सगळे खडे सारखेच होते. गाव दीड मैल लांब होतं आणि बांध पहिल्यासारखाच काट्याचा. मी खाली उतरलो. त्याने काठीने एक बोरीची फांदी बाजूला धरली आणि मी त्याच्यामागून चालू लागलो.